नसेल तर

आंफावा,
८ फेब्रुवारी

चि. साइयुत हिला प्रयोंगचे अ. आ.

आशीर्वाद पहिल्या ओळीतच उरकून घेतले, कारण पुढे त्यांना जागा उरणार नाही.

काल मेक्लोंगला हेंगशेठच्या छापखान्यात गेले होते. आईच्या अग्नीच्या दिवशी वाटायच्या पुस्तकाची कच्ची पानं तयार आहेत, तपासून द्या, असा त्याचा निरोप आला होता. पंख्याखाली बसून वाचायला घेतली. आईचा फोटो चांगला आलाय, नाकावरचा तीळसुद्धा दिसतो. तिचा जन्म, लग्न, बाबांची नारळाची होडी बुडाली ते वर्ष, सगळं मी लिहिलं तसंच आहे. मग पदार्थ सुरू झाले. पहिला, नारळाच्या दुधात कुलिंजन घालून कोंबडी. आणि त्याखाली एक ओळ, जी माझ्या वहीत नव्हती. कुलिंजन नसेल तर आलं घालावं. पान उलटलं. तिखट तुळस नसेल तर पुदिना, वर मिरी. पुढचं पान. जोडपानाच्या लिंबाची पानं नसतील तर साध्या लिंबाची साल किसून. एकोणीस पदार्थ आणि एकोणीस वेळा 'नसेल तर'.

हेंगशेठला विचारलं हा उद्योग कुणाचा. तो म्हणाला, मावशी, तुमच्या बहिणीनं स्वीडनहून वही परस्पर माझ्याकडे पाठवली, सोबत चिठ्ठी होती की ताईला सगळं माहीत आहे. वर मलाच शिकवायला लागला, की कल्पना झकास आहे, हल्ली शहरात कुणाला कुठे ताजी पानं मिळतात. त्याच्या स्वतःच्या दारात कुंडीत तिखट तुळस गुडघाभर माजली होती. ती दाखवून मी विचारलं, हा काय गवताचा भारा आहे का. मग चष्मा पुसत बसला.

मला काय माहीत होतं ते तूच सांग. फोनवर रडलीस, की आईचं म्हणून माझ्याकडे काही नाही, म्हणून ती वही तुला वाचायला पाठवली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला नव्हती पाठवली.

आई कशी होती हे एकोणीस वर्षांत विसरली असलीस तर सांगते. माझं लग्न होऊन महिना झाला होता. भोपळा-दोडक्याचं सार चुलीवर होतं आणि सब्जाची पानं संपली होती. मी दारातली गोड तुळस खुडून टाकली. दोन्हींची पानं सारखीच दिसतात, कोण बघतंय असं वाटलं. आईनं वास घेतला, पातेलं उचललं आणि सोडे, भोपळा, सगळं कालव्यात ओतलं. मग मला वल्हं दिलं आणि पलीकडच्या वाडीवर पानं आणायला पाठवलं. नवा जावई थविन पायरीवर बसून बघत होता. त्या दिवशी आम्ही दुपारी तीनला जेवलो. त्यानंतर अडतीस वर्षं मी त्या घरात एक पान चुकवलेलं नाही. सब्जाचं पान सारात, गोड तुळस हिरव्या रश्शात, तिखट तुळस परतलेल्या मांसात. आलं जिभेला चावतं, कुलिंजन नाकात चढतं, ही दोन्ही एक म्हणणाऱ्याला आई जेवायला बसवत नसे. आणि आता तिच्याच नावानं दोनशे घरांत छापून जाणार, की दुधाची तहान ताकावर भागवा.

तुला हे पुस्तक म्हणजे पाहुण्यांना वाटायची भेटवस्तू वाटत असेल. मी दोन इयत्ता शिकले. पुढचं वाचन मी अशाच पुस्तकांवर शिकले, हे तुला ठाऊक आहे. थविन ज्या ज्या अंत्यसंस्काराला जायचा तिथून पुस्तक आणायचा आणि मी भात शिजेपर्यंत बोट ठेवून वाचायची. कुणाच्या पुस्तकात नुसती पदकं, कुणाच्यात नुसती सूत्रं. बांगनोकच्या एका बाईच्या पुस्तकात मिरचीच्या ठेच्याच्या नऊ तऱ्हा होत्या. ती बाई मी कधी पाहिली नाही, पण रस्त्यात भेटती तर ओळखली असती. माणसाला अग्नी दिल्यावर त्याच्यामागे एवढंच राहतं. तिथे तू आईच्या तोंडी आलं घातलंस.

आई अजून विहारात पेटीत आहे, अग्नी शनिवारी, २ एप्रिलला आहे. पक्की पानं २२ मार्चपर्यंत द्यायची आहेत. मी लाल पेन्सिलीनं एकोणीसच्या एकोणीस ओळी खोडणार आहे. विचारत नाही, कळवते आहे.

नातीला पापा. तुझ्यावर लोभ आहेच, पण सध्या तो वाढवायला सांगू नकोस.

प्रयोंग


गोथेनबर्ग,
१८ फेब्रुवारी

ती. ताईस साइयुतचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमननं दारात टाकलं तेव्हाच लिफाफ्यावरचा पत्ता बघून कळलं की तू रागावली आहेस. पेन कागदाच्या पार गेलं होतं.

तुला सगळं माहीत आहे असं हेंगशेठला लिहिलं, ती माझी चूक. ती कबूल आहे. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. बाकी एकही ओळ चूक नाही आणि मी माफी मागणार नाही.

तू म्हणतेस मी आईच्या तोंडी आलं घातलं. ताई, त्या ओळी माझ्या नाहीत. आईच्या आहेत. तिनंच मला सांगितल्या, एकेक करून, मी इथे आले त्या पहिल्या हिवाळ्यापासून. तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून आजवर बोलले नव्हते.

उंटावरून शेळ्या हाकते असं तुला वाटत असेल तर जरा ऐक. मी आले तेव्हा इथल्या बाजारात बटाटे होते, कांदे होते आणि शेपू होता. पाच महिने जमीन दगडासारखी. तुला पान हवं तर कालवा ओलांडायचा, मला पान हवं तर अर्धं जग. मी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात रोज ऐंशी माणसांना उकडलेला मासा आणि पांढरा सॉस वाढते, आणि घरी येऊन एक वाटी तरी आईच्या हातची लागेल असं काही करते. ते आलं घालून करते, पुदिना घालून करते. नाही केलं तर पानं मिळेपर्यंत तोंड शिवून बसू का? ते तू केलं असतंस, मला माहीत आहे. तू उपाशी राहून वर अभिमानानं सांगितलंही असतंस.

दोनशे घरं म्हणतेस. त्यांतली आंफावात किती? माळीमामाची नात हाँगकाँगला घरकाम करते. शेजारच्या प्रांगेचा मुलगा तेलाच्या जहाजावर आचारी आहे. त्यांच्या पेटीत हे पुस्तक जाईल, तिथे हेंगशेठची कुंडी जाणार नाही. ज्याच्या दारात सगळी पानं आहेत त्याला पुस्तक लागतंच कशाला?

आणि आता मीही एक गोष्ट सांगते, कारण तू सुरुवात केलीस. आई तीन आठवडे अंथरुणावर होती. तू मला कळवलंस ते तिला शेवटची आंघोळ घालून झाल्यावर. सगळ्या गावानं तिच्या तळहातावर पाणी घातलं. टपरीवरच्या चहावाल्यानं घातलं. मी नव्हते. तू मला तिच्या हातावर चमचाभर पाणी घालू दिलं नाहीस आणि आता तिच्या पुस्तकात एक ओळ घालू देत नाहीस. घरी राहिलीस म्हणून सगळी आई तुझ्या एकटीची झाली का?

लिसा गेल्या नोव्हेंबरात अठराची झाली. तिला कुलिंजन म्हणजे काय ते चित्र काढून दाखवावं लागतं, पण आजीच्या हातची कोंबडी कशी लागते ते तिला माहीत आहे. आल्याची.

लोभ होता तसाच ठेव किंवा ठेवू नकोस. मी २९ मार्चला विमानात बसतेच आहे.

तुझी,
साइयुत

ता. क. भाऊजी असते तर त्यांनी तुला सांगितलं असतं मी खोटं बोलत नाही ते.


आंफावा,
२७ फेब्रुवारी

चि. साइयुत हिला आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा रागानं आणि एकदा शब्द नीट लागावेत म्हणून.

आधी आजारपणाचं. आईनं मला बजावलं होतं की साइयुतला कळवायचं नाही. का, तर तिथे बर्फ आहे, पोर एकटी कामावर जाते, रडत रस्ता ओलांडेल. मी दोनदा फोनपर्यंत जाऊन परत आले. शेवटच्या दिवशीही तिनं माझं मनगट धरून विचारलं, कळवलं नाहीस ना. नाही म्हटलं. तिच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही, ही माझी चूक असेल तर ती मोठी आहे आणि फार जुनी आहे. तुझ्यासाठी पाणी राखून ठेवायला हवं होतं, एवढं मात्र तुझं खरं. ते मला सुचलं नाही. त्या दिवशी मला काहीच सुचत नव्हतं.

आता तुझ्या ओळी. आईनं सांगितल्या म्हणतेस, कधी? फोन यायचा तो विहाराच्या कोपऱ्यावरच्या दुकानात. दोघी मिळून तीन मिनिटं बोलायचात, त्यातली दोन रडण्यात जायची आणि तिसऱ्यात दुकानदार मध्ये बोलायचा. एकोणीस पदार्थ त्यात कधी झाले? पत्रात म्हणशील तर आईला सही करता येत नव्हती. तिची पत्रं थविन लिहायचा. शनिवारी शाळेच्या कचेरीत ती त्याच्यासमोर बसून सांगायची आणि तो लिहायचा. माझ्याकडून कधी लिहून घेतलं नाही. म्हणायची, तुझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, परदेशातल्या पोस्टात लागायचं नाही. मी ते हसण्यावारी नेलं.

आणि थविन माझ्यापासून काही लपवत नव्हता. शेजाऱ्याच्या झाडाची एक कैरी तोडली तरी रात्री सांगून मोकळा व्हायचा. आलं चालतं असं आई बोलली असती तर त्याच संध्याकाळी माझ्या कानावर आलं असतं. चार वर्षं झाली त्याला जाऊन. त्याच्या चष्म्याचं घर अजून रेडिओवर आहे, मी त्यात सुया ठेवते. तो साक्षीला येणार नाही हे माहीत असूनच तू ता. क. मध्ये त्याला उभा केलास. हे मला सगळ्यांत जास्त लागलं. पुस्तकापेक्षाही.

तुझं एक म्हणणं मात्र डोक्यात राहिलं. प्रांगेच्या मुलाचं. तो जहाजावरून आला की माझ्याच ओट्यावर बसून जेवतो. त्याला विचारलं, बाबा, समुद्रात तुळस कुठून आणतोस. तो म्हणाला, मावशी, समुद्रात डोळे मिटून आणतो. सगळे हसले. मी हसले नाही, पण पेन्सिल अजून उचललेली नाही एवढं तुला कळवते.

आईचं सांगणं तुझ्याकडे लेखी असेल तर दाखव. नसेल तर २२ तारखेला खोडते आणि २ एप्रिलला आपण दोघी पाहुण्यांसमोर तोंड बंद ठेवू.

आई आता नाही. तिच्या नावानं भांडायला मी एकटी राहिले आहे, तेव्हा लोभ असावा असं लिहिते, पण हाताला ते लिहायचं नाही.

प्रयोंग


गोथेनबर्ग,
९ मार्च

ती. ताईस सा. न.

दाखव म्हणालीस म्हणून पाठवते आहे. अकरा पत्रं आहेत. मूळचीच पाठवली, कारण झेरॉक्सला तू मानणार नाहीस. जपून ठेव. तिकडे आल्यावर परत घेईन.

आजवर पाठवली नाहीत, कारण मला ती पाठवायची नव्हती. तुझ्याशी भांडताना प्रत्येक वेळी ती कपाटातून काढायची आणि परत ठेवायची. लिसाच्या जन्माच्या वेळचं जे आहे, अठरा वर्षांपूर्वीचं, ते सगळ्यांत शेवटी वाच. किंवा पहिल्यांदा वाच आणि होऊन जाऊ दे.

मी तुझ्यावर रागावलेली आहे हे विसरू नकोस. तरी ते वाचताना ओट्यावर एकटी बसू नकोस. प्रांगेला बोलावून घे.

तुझी,
साइयुत


(सोबतचं पत्र)

आंफावा,
११ नोव्हेंबर

चि. साइयुतला आईचे आशीर्वाद. बाळाला दुप्पट.

मी सांगते, जावई लिहितात. तार मिळाली. मुलगी झाली, बरं झालं.

कुलिंजन मिळत नाही म्हणून रडलीस असं लिहिलं होतंस. त्यात रडण्यासारखं काय आहे? आलं घाल. पण निम्मं घाल आणि शेवटी घाल, नाहीतर खोकल्याच्या काढ्यासारखं लागेल. तिखट तुळस नसेल तर पुदिना घे आणि वर मिरी भरड. लिंबाची पानं नसतील तर साल किस, पांढरं येऊ देऊ नकोस, कडू होतं. कोथिंबिरीची मुळं तिकडचे लोक कापून टाकतात म्हणतेस, तर जाड देठं ठेचून घे. बाकीचं पुढच्या खेपेला सांगेन. जे मिळेल त्यावर भागव आणि पोटभर जेव. तुझं अंग भरलं पाहिजे.

सब्जाच्या पानांना मात्र दुसरं काही नाही. ती नसतील तर बाळंतिणीचं सार करू नकोस. दूध यायला नुसता भोपळा शिजवून खा. त्या साराला दुसरं पान घातलं तर ते माझं नाही.

यातलं काही प्रयोंगला कळू देऊ नकोस. आलं चालतं हे एकदा कळलं की ती आलंच घालील, सगळेच घालतात. मग माझ्यामागे खरी चव कुणाला ठाऊक राहणार? ती इथे आहे, तिला पानं आणता येतात. तिला मी सूट देत नाही. ती रागावते, पण ती टिकेल.

आई

(हे खालचं माझं. आईंना सांगितलेलं नाही. साइयुत, प्रयोंगपासून लपवणं मला जड जातं. परवा पूर होता तरी ती होडी घालून पलीकडे गेली आणि चिखलानं माखून पानं घेऊन आली. आईंनी पानांचा वास घेतला, बरी आहेत म्हणाल्या. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. — थविन)


आंफावा,
२० मार्च

चि. साइयुत हिला आशीर्वाद.

पत्रं मिळाली. प्रांगेला बोलावलं नाही. अकरा पत्रं वाचायला दोन दिवस लागले, कारण मी थविनच्या अक्षरावर थांबत होते आणि आईचं सांगणं राहून जात होतं.

तू खोटं बोलली नव्हतीस. हे एकदाच लिहिते, पुन्हा मागू नकोस.

माझा राग गेला असं समजू नकोस, तो फक्त वाटला गेलाय. पूर्वी सगळा तुझ्यावर होता, आता तिघांवर आहे. ती टिकेल, म्हणे. मी काय लोणच्याची बरणी होते? त्या पुरात माझी होडी नारळाच्या बुंध्यावर आदळली, गुडघा फुटला, तो अजून पावसात दुखतो. मी घरी आले तेव्हा आई ओट्यावर बसून सुपारी कातरत होती. त्याच आठवड्यात ती तुला लिहून पाठवत होती, जे मिळेल त्यावर भागव. आणि माझा नवरा, कैरीचोर, ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होता.

परवा विहारात गेले. तिच्या पेटीसमोर बसले आणि तिला सगळं सुनावलं. आवाज बाहेर गेला असणार, कारण थोरले भिक्खू आले आणि विचारलं काय चाललंय. भांडण चाललंय म्हटलं. ते म्हणाले, दोन तारखेच्या आत आटपा.

घरी येऊन आल्याची कोंबडी केली. आईनं सांगितलं तशी, निम्मं आलं, शेवटी. दारातलं कुलिंजन डोळ्यांसमोर होतं, त्याला हात लावला नाही. वाटलं होतं एक घास घेईन आणि थुंकून टाकीन. चांगली झाली. ती कुलिंजनाची कोंबडी नव्हती, दुसरंच काहीतरी होतं, पण आईच्याच हाताचं होतं. दोन ताटं भात खाल्ला आणि मग इतका राग आला की भांडी तशीच टाकून निजले. एका दिवशी पान नसतं तरी कुणी मेलं नसतं. हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

आता पुस्तकाचं. तुझ्या एकोणीस ओळी मी अकरा पत्रांशी लावून पाहिल्या, एकेक. तेरा आईच्या आहेत. त्या राहतील. पाच पत्रांत कुठेच नाहीत, त्या तू पदरच्या घातल्यास. गवती चहा नसेल तर लिंबाचं सरबत, असं आई मेली तरी म्हणाली नसती. त्या पाच खोडल्या. उरली एक. सब्जाची पानं नसतील तर शेपू, असं तू लिहिलंस. आईनं तुला स्पष्ट सांगितलं होतं की करू नकोस. म्हणजे तू केलंस, शेपू घालून, लिसा पोटाशी असताना, आणि आईला कधी कळवलं नाहीस. तू तिच्यापासून काही लपवलंस हे वाचून मला पहिल्यांदा बरं वाटलं. पण ती ओळ छापणार नाही. तिथे मी लिहिलंय, सब्जाची पानं नसतील तर हे सार करू नये.

आणि पुस्तकाच्या शेवटी ११ नोव्हेंबरचं पत्र पूर्ण छापायला दिलं आहे. प्रयोंगला कळू देऊ नकोस, हे वाक्यही. लोक विचारतील, विचारू देत. दोन मुलींना दोन तऱ्हा शिकवल्या हे तिच्या पुस्तकात यायला हवं, नाहीतर नुसत्या ओळी वाचून कुणालाही वाटेल की तिला एक पान आणि दुसरं पान सारखंच होतं. थविनच्या चार ओळी मात्र छापायला दिल्या नाहीत. त्या दोनशे घरांसाठी नाहीत.

हेंगशेठ म्हणाला, मावशी, घरातलं भांडण छापता का. मी म्हटलं, पदकं नव्हती तिच्याकडे.

तू २९ ला निघालीस की ३० ला पोचशील. तुला उतरवून घ्यायला प्रांगेचा मुलगा येईल, मी येणार नाही, माझ्या अंगावर लग्नघराएवढं काम आहे. लिसाला आणत असशील तर तिला आधीच सांगून ठेव की मावशी रागीट आहे. शनिवारी सकाळी भिक्खूंच्या जेवणात कोंबडी मी करणार, कुलिंजनाची. तुला आल्याची करायची असेल तर चूल मोकळी आहे. मी बघणार नाही.

एक राहिलं. अकरा पत्रं परत घेईन म्हणालीस. ती मी देणार नाही. थविनच्या अक्षरातलं माझ्याकडे काही नाही, माझ्याच घरात राहणाऱ्या माणसानं मला पत्र कशाला लिहायचं. आईचा शब्द मात्र तुझा आहे. म्हणून मी रोज सकाळी एक पत्र तुझ्यासाठी नव्या वहीत उतरवून काढते आहे, काना-मात्रा न बदलता. चार झाली, उरलेली तू येईपर्यंत होतील. मजकूर तोच आहे, अक्षर माझं आहे. तुला चालवून घ्यावं लागेल.

तुझी ताई,
प्रयोंग